सेगाने कन्सोल बनवणं का सोडलं? ड्रीमकास्ट तर चांगला होता ना?

पिक्सेलवेडा

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय, इथे जुने गेमर आहेत म्हणून विचारतो. गेल्या महिन्यात मित्राच्या मोठ्या भावाचा जुना ड्रीमकास्ट माझ्याकडे आला, कित्येक वर्षं खोक्यात पडून होता. चालू केला तर आधी एकदम लांबलचक "बीईईईप" असा आवाज, माझ्या छातीत धस्स झालं, म्हटलं गेला, जळला. मग कळलं की कंट्रोलरमध्ये ते छोट्या स्क्रीनवालं मेमरी कार्ड बसतं ना, त्यातले सेल संपले की ते असंच ओरडतं. बाकी मशीन ठणठणीत. सोल कॅलिबर लावला आणि खरं सांगतो अर्धा तास फक्त बघतच बसलो, १९९९ चा गेम आहे हे पटेचना. वर इंटरनेटसाठी मोडेम आतच बसवलेला, म्हणजे तेव्हा बाकीच्या कन्सोलवाल्यांच्या गावीही नव्हतं हे.

तर माझा प्रश्न असा की जपानमध्ये नोव्हेंबर १९९८ ला आलेला कन्सोल मार्च २००१ ला बंदच कसा काय केला? अडीच वर्षंसुद्धा नाही झाली. आणि नुसता तो कन्सोल नाही, कन्सोलचा धंदाच सोडून दिला आणि दुसऱ्यांच्या मशीनवर गेम्स काढायला लागले. मशीन एवढं चांगलं होतं तर घोडं नेमकं कुठे पेंड खात होतं? आणि हार्डवेअर सोडून नुसतं सॉफ्टवेअर करायचं म्हणजे कंपनीच्या आत काय बदलतं हेही कुणाला माहीत असेल तर सांगा. इंटरनेटवर सगळीकडे "पीएस२ ने मारला" (म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन २ ने) एवढंच एका ओळीत लिहिलेलं असतं, त्याने माझं समाधान होत नाहीये.

जुना_कंट्रोलर

पीएस२ ने मारला हे म्हणजे शेवटचा धक्का कुणी दिला त्याचं नाव सांगण्यासारखं आहे रे. भिंत आधीच पोखरलेली होती. ड्रीमकास्टची गोष्ट ड्रीमकास्टपासून सुरू केली की ती कळतच नाही, ती १९९४ पासून सांगायला लागते.

तेव्हा सेगाकडे मेगा ड्राइव्ह होता, अमेरिकेत त्याला जेनेसिस म्हणायचे, आणि टॉम कलिन्स्के यांच्या हाताखाली सेगा ऑफ अमेरिकाने निन्टेन्डोच्या तोंडाला फेस आणला होता. सोनिक हा गेम १९९१ ला आला, त्यांनी तो कन्सोलबरोबर द्यायला सुरुवात केली, कन्सोलची किंमत उतरवली, सगळं जमून आलं होतं. मग झालं असं की जुन्या मशीनचं आयुष्य वाढवायला त्यांनी एकावर एक जोडण्या काढल्या, आधी मेगा सीडी, मग नोव्हेंबर १९९४ ला थर्टीटू-एक्स, आणि त्याच महिन्यात जपानमध्ये पूर्ण नवीन कन्सोल सॅटर्न पण आणला. म्हणजे बघ, अमेरिकेतल्या एखाद्या पोराने वर्षभर पैसे साठवून १५९ डॉलरचा थर्टीटू-एक्स घेतला आणि सहा महिन्यांत त्याला कळलं की कंपनी स्वतःच त्याला विसरून पुढे गेलीय. त्या माणसाला पुढचा कन्सोल विकायला तू कुठल्या तोंडाने जाणार?

आणि खरी मोठी चूक मे १९९५ ची. सॅटर्न अमेरिकेत २ सप्टेंबरला येणार असं जाहीर झालेलं होतं, गेम बनवणारे त्या हिशोबाने काम करत होते, दुकानदार त्या हिशोबाने जागा ठेवून बसले होते. व्हिडिओ गेम्सचं पहिलं ई-थ्री प्रदर्शन भरलं, कलिन्स्के स्टेजवर गेले आणि सांगितलं की सॅटर्न आजपासूनच दुकानात मिळतोय, ३९९ डॉलर. सोनीच्या आधी पोचायचं म्हणून जपानच्या ऑफिसने तो निर्णय लादला होता, कलिन्स्केंना स्वतःला तो मान्य नव्हता. पण माल पुरेसा नव्हता म्हणून मोजक्या चार दुकानसाखळ्यांनाच दिला, बाकीचे दुकानदार भडकले, के-बी टॉईजने तर सॅटर्न ठेवायलाच नकार दिला. त्याच प्रदर्शनात सोनीचे स्टीव्ह रेस प्लेस्टेशनची किंमत सांगायला स्टेजवर आले, "२९९" एवढा एकच आकडा बोलले आणि खाली उतरले. १०० डॉलरचा फरक! ती गोष्ट मी शंभर वेळा वाचली असेल तरी दर वेळी पोटात कालवतं.

सॅटर्न जगभरात साधारण ९२ लाख विकला गेला, प्लेस्टेशन १० कोटींच्या वर गेला. आणि १९९७ च्या ई-थ्रीमध्ये सेगा ऑफ अमेरिकाच्याच बर्नी स्टोलरनी उघड बोलून टाकलं की सॅटर्न हे आपलं भविष्य नाही. झालं, उरलेसुरले डेव्हलपर पण पांगले. तू जो ड्रीमकास्ट लावून बसलायस ना, तो या सगळ्यानंतर आला. मशीन बनवणाऱ्यांनी जीव ओतला होता त्यात, पण दुधाने तोंड पोळलेले लोक ताक फुंकून प्यायला लागले होते, दुकानदार, डेव्हलपर, गिऱ्हाईक, सगळेच.

हिशोबनीस

वरचं सगळं बरोबर आहे, पैशाची बाजू मी सांगतो कारण ती लोक सोडून देतात.

कन्सोलचा धंदा मुळात पदरमोड करून सुरू होतो. मशीन बनवायला जेवढा खर्च येतो तेवढा तू गिऱ्हाईकाकडून घेत नाहीस, कधी कधी प्रत्येक मशीनमागे तोटा सोसतोस, आणि तो तोटा नंतर गेम्सच्या विक्रीतून आणि दुसऱ्या कंपन्या तुझ्या मशीनवर गेम काढतात त्यांच्याकडून मिळणाऱ्या रॉयल्टीतून भरून काढतोस. म्हणजे आधी लाखो मशीन घरोघरी जायला पाहिजेत, तोपर्यंत दम धरायला खिशात पैसा पाहिजे. सोनीकडे टीव्ही होते, वॉकमन होते, सिनेमा होता, म्युझिक होतं. सेगाकडे आर्केड, म्हणजे बाहेर जाऊन नाणं टाकून खेळायची गेम मशीन, आणि कर्ज.

ड्रीमकास्ट अमेरिकेत ९-९-९९ ला आला, १९९ डॉलरला, आणि पहिल्या २४ तासांत ९.८४ कोटी डॉलरची विक्री झाली. मोठं यश होतं ते, त्यात शंकाच नाही. पण प्रश्न दुसऱ्या तिसऱ्या वर्षाचा असतो. मार्च २००० मध्ये जपानला पीएस२ आला, त्यात डीव्हीडी चालायची, म्हणजे लोकांच्या दृष्टीने एका पैशात दोन वस्तू. ड्रीमकास्टची जीडी-रॉम डिस्क साधारण १ जीबीची आणि सिनेमा काही लागायचा नाही. कितीतरी लोक ड्रीमकास्ट न घेता नुसते थांबून राहिले. आणि खेळांचे गेम्स काढणाऱ्या ईए या बड्या कंपनीने ड्रीमकास्टसाठी एकही गेम काढला नाही, अमेरिकेत मॅडन हा त्यांचा अमेरिकन फुटबॉलचा गेम नसलेला कन्सोल विकणं म्हणजे काय ते तिथल्या लोकांना विचार.

मार्च २००१ ला संपलेल्या वर्षात सेगाचा तोटा सुमारे ५१.७ अब्ज येन होता, आणि त्याआधीची वर्षंही तोट्याचीच. आतबट्ट्याचा व्यवहार किती दिवस चालणार? २००० च्या शेवटाकडे सेगा ऑफ अमेरिकाचे पीटर मूर आणि चार्ल्स बेलफिल्ड यांनी जपानमध्ये मीटिंगमध्ये सरळ सांगितलं की हार्डवेअर सोडा, फक्त सॉफ्टवेअर करा, तेव्हा जपानी स्टुडिओचे प्रमुख उठून बाहेर निघून गेले. मला त्यांचा राग येत नाही. ज्या माणसांनी आयुष्यभर स्वतःच्या कंपनीच्या मशीनसाठी गेम्स बनवले त्यांना कुणीतरी येऊन सांगतंय की आता सोनी आणि निन्टेन्डोच्या दारात उभे राहा.

शेवटी ३१ जानेवारी २००१ ला अधिकृत घोषणा झाली, ३१ मार्चनंतर उत्पादन बंद. शिल्लक माल काढायला अमेरिकेत किंमत ९९ डॉलरवर आणली. एकूण विक्री ९१ लाखांच्या आसपास.

एका माणसाचं नाव इथे घेतलंच पाहिजे, इसाओ ओकावा. सीएसके कंपनीचे संस्थापक आणि तेव्हाचे सेगाचे अध्यक्ष. कन्सोलचा नाद सोडावा असं त्यांचं मत आधीपासूनच होतं, तरी १९९९ मध्ये त्यांनी स्वतःच्या पैशातून सेगाला ५० कोटी डॉलर कर्ज दिलं. मृत्यूच्या थोडं आधी त्यांनी ते कर्ज माफ केलं आणि वर स्वतःचे सेगा आणि सीएसकेचे साधारण ६९.५ कोटी डॉलरचे शेअर कंपनीला देऊन टाकले. १६ मार्च २००१ ला ते गेले, उत्पादन थांबायच्या पंधरा दिवस आधी. ते पैसे नसते तर सॉफ्टवेअर कंपनी म्हणून उभं राहायला सुद्धा सेगा शिल्लक राहिली नसती असं मला ठाम वाटतं. आज सोनिक खेळणाऱ्या किती जणांना हे नाव माहीत आहे?

पिक्सेलवेडा

अरे बाप रे, ओकावांचं काहीच माहीत नव्हतं मला. हे वाचून थोडा वेळ सुन्न बसलो.

पण एक राहिलं, पायरसीचं काय? मला मित्राचा भाऊ म्हणाला की ड्रीमकास्टवर साध्या सीडीवर कॉपी केलेले गेम्स चालायचे, मशीन उघडायची पण गरज नव्हती, त्यानेच कंपनी बुडाली.

चंद्रकोर

चालायचे हे खरं आहे. मिल-सीडी नावाचा एक प्रकार होता, गाण्यांच्या सीडीत थोडं मल्टिमीडिया घालण्यासाठी केलेली सोय, त्या वाटेने लोक २००० मध्ये आत शिरले. सेगाने नंतरच्या मशीनमध्ये ती वाट बंद पण केली. पण त्याने बुडाली हे नाही पटत, पीएस१ वर काय कमी पायरसी होती का? तरी तो १० कोटी विकला गेला. मशीनच पुरेशी विकली नाहीत हे मूळ दुखणं, पायरसी त्यावर मीठ.

कोडकरी

आत काय बदलतं हे विचारलंस ना, त्यावर लिहितो. मी एका छोट्या स्टुडिओत पोर्टिंगचं काम करतो, म्हणजे एका मशीनचा गेम दुसऱ्या मशीनवर चालता करणं, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे.

स्वतःचा कन्सोल असलेल्या कंपनीत गेम बनवणारा माणूस चिप ठरवणाऱ्या माणसाला जाऊन विचारू शकतो की बाबा मला हे असं पाहिजे, देशील का. सेगात तर आर्केडचं हार्डवेअर आणि घरचं हार्डवेअर एकाच घरात जन्माला यायचं. ड्रीमकास्टचं आणि नाओमी या आर्केड बोर्डाचं पोट जवळपास एकच, तोच हिताचीचा एसएच-४ प्रोसेसर, तीच पॉवरव्हीआर ग्राफिक्स, फक्त नाओमीत मेमरी जास्त. म्हणून क्रेझी टॅक्सी १९९९ ला आर्केडमध्ये येतो आणि २००० च्या जानेवारीत ड्रीमकास्टवर तसाच्या तसा खेळता येतो. ही सेगाची खरी ताकद होती, गेम आणि मशीन एकमेकांकडे बघून बनायचे.

ते सोडल्यावर तू सगळ्यांसारखा रांगेत. सोनी, निन्टेन्डो, मायक्रोसॉफ्ट जेव्हा डेव्हकिट, म्हणजे गेम बनवायचं खास मशीन, देतील तेव्हा घ्यायचं, त्यांनी जे कागद दिले ते वाचायचे, गेम पूर्ण झाला की तपासणीसाठी त्यांच्याकडे पाठवायचा, त्यांनी चुका काढल्या की दुरुस्त करून परत पाठवायचा, आणि पास झाला की प्रत्येक कॉपीमागे त्यांना पैसे द्यायचे. काल जी रॉयल्टी यायची ती आज जायला लागते.

आणि काम किती किचकट व्हायचं याचं एकच उदाहरण देतो. ड्रीमकास्टमध्ये ग्राफिक्ससाठी ८ एमबी मेमरी, शिवाय टेक्स्चर, म्हणजे वस्तूंवर चिकटवायची चित्रं, दाबून छोटी करून ठेवायची सोय चिपमध्येच होती. पीएस२ च्या ग्राफिक्स चिपमध्ये ४ एमबी, आणि तशी दाबायची सोय नाही. पीएस२ बाकी बाबतीत तगडा, रेषा आणि त्रिकोण धडाधड काढायचा, पण ड्रीमकास्टवर जो रंगीत पत्रा गाडीवर सहज चिकटायचा तो इथे तुकडे तुकडे करून सतत आत ढकलत राहायला लागायचं. अर्धपारदर्शक गोष्टी, म्हणजे धूर, काच, पाणी, यांचा पुढे-मागे क्रम ड्रीमकास्टची चिप स्वतः लावायची, इतरत्र तो प्रोग्रामरने लावायचा. ज्याने वर्षानुवर्षं एका मशीनची नस ओळखली त्याला अशा वेळी हात बांधल्यासारखं होतं. मला स्वतःला एका पोर्टमध्ये फक्त पाण्याचा एक प्रसंग नीट दिसायला तीन आठवडे गेले होते, रात्री डोळे मिटले तरी ते चुकीचं पाणी दिसायचं, म्हणून सांगतो.

अजून एक गोष्ट मला फार लागते. २००२ पासून सेगाच्या आर्केड मशीनच्या आत काय होतं माहितीये? ट्रायफोर्स बोर्ड, जो निन्टेन्डोच्या गेमक्यूबवर आधारलेला, आणि चिहिरो, जो मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर. ज्या कंपनीचं आर्केड हार्डवेअर बघून बाकीचे शिकायचे तिच्या पेटीत दुसऱ्याचं हृदय. पण त्याच ट्रायफोर्समधून एफ-झीरो एएक्स आला आणि सेगाच्या अ‍ॅम्युझमेंट व्हिजनने २००३ मध्ये निन्टेन्डोसाठी एफ-झीरो जीएक्स बनवला, आणि तो गेमक्यूबवरचा सगळ्यात वेगवान, सगळ्यात नीट बांधलेला रेसिंग गेम आहे असं मी कुणाशीही भांडून सांगेन. कौशल्य कुठेही गेलं नव्हतं.

सायंतारा

मी तेव्हाची ड्रीमकास्टवाली आहे, त्यामुळे माझ्याकडून पण घ्या.

घेऊन जेमतेम चार महिने झाले होते आणि बातमी आली. मोठ्या बहिणीने ऑनलाइन वाचली आणि मला हळूच येऊन सांगितली, जणू घरात कुणाचं काही झालंय. मला तेव्हा कंपनीचा तोटा वगैरे काही कळत नव्हतं, मला एवढंच वाटलं की आता सोनिकचं काय होणार.

मग जून २००१ मध्ये सोनिक अ‍ॅडव्हेंचर २ आला, म्हणजे उत्पादन बंद झाल्यावर सुद्धा. त्यात चाओ नावाचे छोटे जीव पाळायचे असतात, आणि ते त्या मेमरी कार्डात, व्हीएमयूमध्ये, उतरवून खिशात घेऊन फिरता यायचं. काळ्यापांढऱ्या इवल्याशा स्क्रीनवर माझा चाओ चालत चालत जायचा, फळं खायचा, आणि संध्याकाळी परत कंट्रोलरमध्ये बसवला की बागेत दिसायचा. मी त्याचे सेल संपू नयेत म्हणून जिवाचा आटापिटा करायचे.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जपानला तोच गेम निन्टेन्डोच्या गेमक्यूबवर आला. आणि आता चाओला फिरायला न्यायचं तर निन्टेन्डोच्याच गेमबॉय अ‍ॅडव्हान्स या हातात धरायच्या कन्सोलला वायर लावून. नंतर एका मैत्रिणीकडे मी ते बघितलं, रंगीत स्क्रीनवर तिचा चाओ मस्त खेळत होता, ती इतकी खूश होती, आणि मी बाजूला बसून रडू आवरत होते. सोनिकने निन्टेन्डोच्या मशीनवर पाऊल ठेवणं म्हणजे काय हे आजच्या मुलांना सांगून कळणार नाही, आम्ही शाळेत त्यावरून अबोले धरलेले होते.

पण फसवलं असं कधीच वाटलं नाही. गेम्स लगेच थांबवले नाहीत त्यांनी, अमेरिकेत फेब्रुवारी २००२ मध्ये सुद्धा एनएचएल २के२ हा आइस हॉकीचा गेम काढला. आणि जे गेम्स नंतर दुसरीकडे गेले, जेट सेट रेडिओ फ्यूचर एक्सबॉक्सवर, फँटसी स्टार ऑनलाइन गेमक्यूबवर, ते सेगाचा कन्सोल नसलेल्या लोकांपर्यंतही पोचले. माझी ती मैत्रीण कधी सेगाचा कन्सोल घेणारच नव्हती, तिला चाओ भेटला तो असाच. हे मला पटायला मात्र बरीच वर्षं गेली.

जुना_कंट्रोलर

ताई, मनातलं बोललात.

एक भर घालतो. सॉफ्टवेअरकडे वळणं म्हणजे दुसऱ्या दिवसापासून सगळं आलबेल असं नव्हतं. २००३ मध्ये सॅमी आणि नामको दोघांशी विलीनीकरणाची बोलणी झाली आणि फिसकटली, शेवटी २००४ मध्ये सॅमीबरोबरच सेगा सॅमी झाली. सॅमी म्हणजे पचिंकोची, जपानमधल्या जुगारासारख्या खेळाची, मशीन बनवणारी कंपनी. मधल्या काळात विकायला नको होतं ते पण विकलं. सेगाने व्हिज्युअल कन्सेप्ट्स हा स्टुडिओ घेतला होता, ईएची उणीव भरून काढत त्यांनी ड्रीमकास्टसाठी एनएफएल २के (अमेरिकन फुटबॉल) आणि एनबीए २के (बास्केटबॉल) केले. २००५ च्या जानेवारीत तो स्टुडिओ २.४ कोटी डॉलरला टेक-टू या गेम कंपनीला विकला. आज एनबीए २के केवढा मोठा झालाय बघा. तो ड्रीमकास्टवर जन्मलेला गेम आहे, मला दर वर्षी त्याची जाहिरात दिसली की चुटपुट लागते.

पण घेतलं ते पण चांगलं. टोटल वॉरवाले क्रिएटिव्ह असेम्ब्ली २००५ मध्ये, फुटबॉल मॅनेजरवाले स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह २००६ मध्ये, पर्सोनावाले अ‍ॅटलस २०१३ मध्ये. आणि स्वतःच्या घरातून याकुझा, डिसेंबर २००५, पीएस२ वर. ज्या मशीनने हरवलं त्याच मशीनवर सेगाने आपली सगळ्यात टिकाऊ नवी मालिका उभी केली.

पिक्सेलवेडा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. शेवटचा एक प्रश्न, आता मायक्रोसॉफ्ट पण एक्सबॉक्सचे गेम्स प्लेस्टेशनवर द्यायला लागलंय, २०२४ मध्ये सी ऑफ थीव्ज वगैरे गेला, त्यांचंही सेगासारखंच होणार का?

हिशोबनीस

तुलना अर्धीच लागू पडते. सेगाने पैसे संपले म्हणून सोडलं, मायक्रोसॉफ्टच्या मागे विंडोज आणि क्लाउडचा पैसा उभा आहे, त्यांना कुणी ढकलत नाहीये, ते हिशोब करून जास्त लोकांना गेम विकायला निघालेत. पण कोडकरीने वर जे सांगितलं, गेम आणि मशीन एकमेकांकडे बघून बनणं, ते कमी होत गेलं की काय जातं हे सेगाकडे बघून कळतं, आणि काय वाचतं हे पण.

कोडकरी

सहमत. आणि पिक्सेलवेडा, ते व्हीएमयूचे सेल बदल आधी, सीआर२०३२ दोन लागतात. मग सोनिक अ‍ॅडव्हेंचर २ मिळाला तर बघ, सायंतारा सांगतायत तो चाओ खिशात घेऊन फिरून बघ एकदा.

पिक्सेलवेडा

सेल आजच बदलतो. बीप बंद झाला की इथे कळवतो.